शिल्लककाका

काकूंच्या टिकल्या कमी होऊ लागल्या, तेव्हा संशय आधी कामाच्या बाईंवर गेला, मग नातीवर, आणि दोघी निर्दोष ठरल्यावर योग्य ठिकाणी, म्हणजे काकांवर आला. पाकिटात टिकल्या बारा. लावली एक. उरायला हव्यात अकरा. होत्या पाच.

"अहो, सहा टिकल्यांचं काय केलंत?"

"गाड्यांना लावल्या," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

दुसरी कोणी असती तर तिने आधी मुलाला फोन केला असता आणि मग डॉक्टरांना. काकूंनी एवढंच विचारलं, "बारीक टिकल्यांचं पाकीट घेतलंत ना? मोठ्या मी भाचीच्या लग्नासाठी ठेवल्यात."

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे शिल्लककाका म्हणतात. खरं नाव पत्रपेटीवर आहे, पण ते पोस्टमनशिवाय कोणी वाचत नाही. काही माणसं वस्तू जमवतात: तिकिटं, नाणी, अडकित्ते, घड्याळं. काका वस्तू जमवत नाहीत. वस्तू उरल्या किती, एवढंच जमवतात. त्यांच्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, जमाखर्चाची वही आहे. तिच्यात 'पुण्यातले टांगे', 'विहीर असलेले वाडे', 'टाइपरायटिंगचे क्लास', 'बजाज प्रिया (चालू)' आणि 'बजाज प्रिया (जिन्याखाली)' अशी खाती आहेत. प्रत्येक नोंदीपुढे दोनपैकी एक शेरा असतो: 'प्रत्यक्ष पाहिले' किंवा 'ऐकीव'. शेवटून तिसऱ्या पानावर त्यांच्या एम.एस्सी.च्या वर्गाचं खातं आहे. दर दिवाळीला ते अद्ययावत होतं. त्यात स्वतःच्या नावापुढे काकांनी लिहिलंय, 'शिल्लक. प्रत्यक्ष पाहिले.'

नोकरी सरकारी सांख्यिकी कचेरीत झाली. महाराष्ट्रातल्या म्हशी, विहिरी, बैलगाड्या आणि तेलाची इंजिनं यांच्या मोजणीत पस्तीस वर्षं गेली. शिक्षण पुणे विद्यापीठात, हुजूरबाजार सरांनी १९५३ साली सुरू केलेल्या संख्याशास्त्राच्या विभागात. "आम्हाला सरांनी मोजायला नाही शिकवलं, अंदाज करायला शिकवलं," असं ते सांगतात. "मोजणं काय, वाण्यालाही येतं." वाण्याचा हिशेब काकांपेक्षा पक्का असतो ही गोष्ट वेगळी. भाजी आणायला गेलेले काका उरलेले पैसे बरोबर आणतील याची काकूंना खात्री नसते, म्हणून त्या सुट्टे मोजून देतात.

या वहीतलं सगळ्यात जाड खातं एका मोटारीचं आहे. गंमत म्हणजे काकांना मोटार चालवता येत नाही. लायसन आहे ते लूनाचं.

ती मोटार म्हणजे सॅन स्टॉर्म. बेंगळुरूच्या सॅन इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनीने १९९८ साली ही बाजारात आणली. नावातल्या लोकोमोटिव्हवरून लक्षात यावं की मंडळी मूळची रुळांवरची. फ्रान्सच्या ल मान्स नावाच्या मंडळींकडून त्यांनी आराखडा करून घेतला, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन आणलं, अंग फायबरचं केलं, आणि गोव्यात कारखाना काढून दोन माणसांची, टप काढता येणारी, बुटकी स्पोर्ट्स कार बनवली. ताकद साठेक हॉर्सपॉवर. आज कोथरूडमधल्या बहुतेक आज्ञाधारक हॅचबॅक याहून जास्त ताकदीच्या असतात. पण त्या काळात रस्त्यावर सगळीकडे मारुती, आणि त्यांच्यामधून ही जमिनीला चिकटून जायची तेव्हा लोक ताटावरून उठून गॅलरीत यायचे.

काकांनी ती पहिल्यांदा पाहिली १९९९ साली, कर्वे रस्त्यावर. कचेरीची जीप बंद पडली होती, काका ढकलणाऱ्यांत होते, आणि शेजारून ही गेली, पिवळीधमक. चालवणारा एक तरुण, शेजारच्या सीटवर कुत्रा, मागे काहीच नाही. जीप ढकलता ढकलता काकांच्या डोक्यात गणित सुरू झालं. कुत्रा बसला म्हणजे बायको घरी. बायको बसली तर आई घरी. आई बसली तर घर राहत नाही. पुण्यात मोटार घेताना पहिला प्रश्न 'ॲव्हरेज किती' हा असतो असं बाहेरगावचे लोक समजतात. तो दुसरा. पहिला प्रश्न 'आळंदीला जाताना आई कुठे बसणार' हा. ही बाजारात आली त्याच १९९८ साली सँट्रो आली, मातीझ आली आणि वर्ष संपता संपता आपल्या पिंपरीची इंडिका आली. सगळ्यांना पाच-पाच जागा. "त्या क्षणी मला कळलं," काका म्हणतात, "ही गाडी फार होणार नाही. आणि जे फार होत नाही ते मोजायला घ्यावं. म्हशींना अंत नव्हता रे."

मोजायची कशी, हा प्रश्न होता. तुम्ही म्हणाल, आरटीओत विचारावं. संगम पुलाजवळच्या त्या कचेरीत काका गेले होते आणि आता सगळं संगणकावरही दिसतं. पण तिथे दिसतो जन्म. मरण दिसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५५ व्या कलमात लिहिलंय की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत कळवावं. काकांना हे कलम पाठ आहे. "माणूस मेला की लोक दाखला काढायला धावतात, कारण बँकेत पैसे असतात. मेलेल्या गाडीचा दाखला कोण काढणार? वारसाला काय मिळतं? टायर!" इंग्लंडचा मात्र त्यांना फार हेवा वाटतो. तिथे गाडी नुसती घरात झाकून ठेवायची झाली तरी सरकारला तसं कळवावं लागतं, आणि ही पद्धत सुरू झाली तीही १९९८ सालीच. त्यामुळे तिथे कुठलं मॉडेल किती उरलं हे घरबसल्या कळतं. एकदा त्यांचा लंडनचा पुतण्या आला होता. त्याला काकांनी हवामान, नोकरी, मुलं काही न विचारता तासभर याच विषयावर उभा-आडवा घेतला. पुतण्याने गाडी घेतलीच नव्हती. काकांनी ते मनाला लावून घेतलं.

पहिला प्रयोग चासी नंबरांचा. यामागे एक युद्धकथा आहे आणि ती ऐकल्याशिवाय सुटका नसते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो हे दोस्तांना हवं होतं. हेर म्हणाले १४००. गणितवाल्यांनी पकडलेल्या रणगाड्यांवरचे अनुक्रमांक घेतले, सगळ्यात मोठा आकडा पाहिला, किती नमुने हाती आले ते पाहिलं आणि म्हणाले २४६. युद्ध संपल्यावर जर्मनांचं दफ्तर उघडलं. २४५! काका ही गोष्ट सांगताना २४५ वर असे थांबतात की ऐकणाऱ्याला एक रणगाडा हरवल्याची हळहळ वाटावी.

रीत सोपी आहे. पाच नंबर दिसले आणि त्यांतला मोठा ६० असला, तर साठला पाचाने भागा, बारा आले, ते साठात मिळवा, एक वजा करा. एकाहत्तर. या रीतीसाठी वयाच्या बासष्टाव्या वर्षी काका नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये, सुट्ट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत, पुठ्ठ्यावर उताणे झोपून गाडीखाली सरकले. पाय बाहेर. मेस्त्री चहा पिऊन आला, त्याला वाटलं आपला पोऱ्या काम करतोय, त्याने पायावर पाय मारून "दस नंबरचा पाना दे" म्हणून सांगितलं. काकांनी आतून पाना दिला. तो बाराचा होता.

तीन नंबर मिळाल्यावर मेस्त्रीनेच विचारलं, "साहेब, कंपनीने एकपासूनच नंबर टाकले हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

काका गप्प झाले. मेस्त्री म्हणाला, "मी दुकान टाकलं तेव्हा पहिलं बिल फाडलं ते पाचशे एक नंबरचं. गिऱ्हाइकाला वाटू नये की आपणच पहिले."

जर्मनांना गिऱ्हाइकाची भीती नव्हती. तो प्रयोग तिथेच संपला. नंतर तर काकांचा नंबरांवरचा विश्वासच उडाला. डिसेंबर २०२० मध्ये डीसी अवंती या दुसऱ्या देशी स्पोर्ट्स कारचं प्रकरण गाजलं. ही अवंती तर पुण्याच्याच परिसरात बनलेली, रेनॉचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन पोटात घातलेली, २५० हॉर्सपॉवरची. एकाच इंजिन-चासी क्रमांकावर वेगवेगळ्या राज्यांत नोंदण्या झाल्याचा आरोप मुंबई पोलिसांनी केला. खरंखोटं ठरवायला कोर्ट आहे. पण ती बातमी वाचून काका दोन दिवस जेवले नाहीत. सगळे समजत होते करोना. काकूंनी ऑक्सिमीटर लावला, ९८ आला. "एका नंबराच्या दोन गाड्या," ते खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे पाहिली एक, की पाहिल्या दोन, की एकच दोनदा?" यावर काकूंनी मास्क चढवला आणि स्वयंपाकघरात गेल्या.

तर दुसरा प्रयोग टिकल्यांचा. हा प्रयोग मुळात माशांचा. डेन्मार्कच्या पीटर्सनने समुद्रातले मासे पकडले, खूण करून सोडले, पुन्हा पकडले आणि त्यांत खुणेचे किती आले ते पाहिलं. पुढे अमेरिकेत लिंकन नावाच्या गृहस्थांनी तेच बदकांवर केलं. आता आपल्याकडे वाघ असेच मोजतात, फक्त खूण करावी लागत नाही, पट्टे असतात आणि कॅमेरा असतो. त्याआधी पावलांच्या ठशांवरून मोजायचे. सरिस्कात २००४ पर्यंत कागदावर वाघ होते आणि २००५ साली पाहिलं तर जंगलात एकही नव्हता. काकांच्या वहीतला 'ऐकीव' हा शेरा तेव्हापासून लाल शाईत आहे.

एका हिवाळ्यात पुणे ते पणजी या टापूत काकांना सहा सॅन स्टॉर्म सापडल्या. सहाही गाड्यांना, मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूने, काकूंची एकेक टिकली लागली. मी विचारलं, "काका, नंबरप्लेट असते की. तीच लिहून घ्यायची."

"प्लेट बदलते. मालक बदलतो. रंग बदलतो. टिकली कोण बदलणार? ती आहे हेच कोणाला माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य पूर्णपणे खरं नव्हतं. कोल्हापूरच्या एका गाडीमालकाच्या बायकोला बंपर पुसताना ती सापडली. मरून रंगाची, बारीक. बाई स्वतः चंद्रकोर लावत. पुढचे तीन आठवडे त्या घरात काय झालं ते मालकाने काकांना फोनवर सविस्तर सांगितलं, आणि शेवटी काकांना स्वतः कोल्हापूरला जाऊन त्या बाईंपुढे पीटर्सनचे मासे समजावून सांगावे लागले. सोबत पुरावा म्हणून काकूंना नेलं होतं. त्या दोघींची आता घट्ट मैत्री आहे.

पुढच्या वर्षी गाड्यांच्या एका मेळाव्यात आणि रस्त्यावर मिळून पाच दिसल्या, त्यांत टिकलीवाल्या दोन. सहा गुणिले पाच तीस, भागिले दोन. पंधरा! काकांनी सोसायटीत पेढे वाटले. पंधरा गाड्या उरल्यात म्हणून पेढे का, हे कोणाला कळलं नाही, पण पेढे चितळ्यांचे होते.

मग पावसाळा आला. पावसाळ्यानंतर पुन्हा पाच पाहिल्या, टिकली एकीलाच. सहा पंचे तीस, भागिले एक. तीस! पुण्याच्या पावसाने चार महिन्यांत पंधरा स्पोर्ट्स कार जन्माला घातल्या होत्या. मी अभिनंदन केलं तर काका माझ्यावरच उखडले. "अरे, टिकल्या गळल्यात! एकही नसती दिसली तर काय झालं असतं माहितेय? भागिले शून्य! अनंत! पुणे-पणजी रस्त्यावर अनंत सॅन स्टॉर्म!"

त्यानंतर टिकल्या अरल्डाइटने चिकटू लागल्या. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मला माहीत असतं तर मीही तेच केलं असतं. गेली चाळीस वर्षं आंघोळीला जाताना आरशावर लावून ठेवतेय."

या रीतीत एक मोठी खोट आहे आणि ती काकांना अर्थातच माहीत आहे. सगळ्या गाड्या दिसण्याची शक्यता सारखी हवी. तशी ती नसते. "लग्नात जे नातेवाईक दिसतात ते प्रत्येक लग्नात दिसतात," काका म्हणतात. "आणि जो आत्याचा मोठा मुलगा मुंजीलाही येत नाही तो आहे की नाही हे कळायला मार्गच नाही." मेळाव्यातल्या गाड्या मेळाव्यातच भेटतात. शेडमध्ये ताडपत्रीखाली निजलेली एकही भेटत नाही. आणि ताडपत्रीखालच्या जास्त, अशी त्यांची पक्की समजूत आहे. याला कारण फायबर. पत्र्याची गाडी गंजते, पाचपन्नास वेळा पत्रेवाल्याकडे जाते आणि शेवटी जुन्या बाजारात तुकड्यातुकड्यांनी मोक्षाला जाते. हिचं अंग गंजतच नाही. गंजतो तो खालचा लोखंडी सांगाडा. आणि इंजिन बसतं ते भाग न मिळाल्याने, कारण ही गाडी आली तेव्हा रेनॉ कंपनी भारतात मोटारी विकतच नव्हती. म्हणजे आत्मा नश्वर आणि शरीर अमर. काकांच्या मते गीतेला छेद देणारी हिंदुस्थानात झालेली ही एकमेव मोटार.

शिवाय 'उरली' कशाला म्हणायचं? नाना पेठेतल्या त्याच मेस्त्रीने एकदा दोन मेलेल्या गाड्यांची एक जिवंत केली. पुढचा भाग निळा, मागचा लाल. काकांनी ती एक धरली. मी म्हटलं दोन अर्ध्या धरा. ते मला खिडकीशी घेऊन गेले आणि समोर बोट दाखवलं. समोर सात मजली इमारत आहे, खाली बँक, वर डेंटिस्ट, आणि भिंतीवर पितळी अक्षरांत कुणाचासा 'वाडा' असं लिहिलेलं. "हा वाडा शिल्लक आहे का, सांग." मी नाही म्हटलं. "महानगरपालिकेच्या लेखी आहे. मालक अजून 'आमच्या वाड्यात या' म्हणतो. माझ्या वहीत त्याला शेरा आहे, 'नावापुरता'. गाडीलाही तोच." पण त्या निळ्या-लाल गाडीपुढे त्यांनी 'नावापुरती' लिहिलं नाही, हे मी नंतर पाहिलं. तिथे होतं, 'एक. (भांडून.)'

सीमेवरच्या गोष्टींबद्दल काका फार हळवे आहेत. त्यांचं दैवत म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे. पीक कापणीच्या प्रयोगात शेतातला तुकडा केवढा घ्यावा यावर सुखात्मे आणि त्यांच्याच शास्त्रातले महालनोबिस यांच्यात वाद झाला होता. महालनोबिस म्हणत छोटा चालेल. सुखात्मे म्हणत छोट्या तुकड्यात बांधावरचं रोप आत ओढायचा मोह होतो आणि उतारा फुगतो. "बांधावरचं रोप!" काका म्हणतात. "सगळा खोटेपणा तिथे असतो. आतल्या रोपाबद्दल कोण खोटं बोलेल?"

मधेच एक प्रसंग सांगायला हवा. काकांची लूना जुनी आहे. किनेटिकने १९७२ साली जी आणली तिच्याच घराण्यातली, पॅडलवाली. एकदा गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय संस्थेच्या टेकडीखाली ते ती स्टँडवर लावून उभे होते, कोणी चाचणीची गाडी वर जातेय का बघत. तेवढ्यात वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा आला, लूनाभोवती फिरला, मोबाइलवर फोटो काढले, वाकून खालचा नंबर बघायला लागला. म्हणाला, "आजोबा, अशा किती शिल्लक असतील हो पुण्यात?"

काका इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "शिल्लक? शिल्लक काय म्हणतोस! ही चालू आहे! मी आत्ता हिच्यावरून दूध आणलंय!"

मुलगा माफी मागून गेला. काका परत येताना एक अक्षर बोलले नाहीत. मीही मागे पाहिलं नाही, पण मला वाटतं त्या मुलाने लूनाला काहीतरी चिकटवलं असावं.

आता अलीकडची गोष्ट. अरल्डाइटवाल्या टिकल्या लागल्या होत्या सहा गाड्यांना. दुसरी फेरी वर्षानुवर्षं रेंगाळली, कारण गाड्या दिसेनाशा झाल्या. चार दिसल्या, टिकलीवाल्या दोन. सहा चोक चोवीस, भागिले दोन, बारा. काका खंगले होते. पंधरावरून बारा म्हणजे घरातली तीन माणसं गेल्यासारखं.

तेवढ्यात वायरमनने खबर आणली. शनिवार पेठेत एक वाडा पाडायला निघालाय, त्याच्या चौकात ताडपत्रीखाली एक बुटकी मोटार आहे, चंदेरी रंगाची. टापूतल्या चंदेरी गाडीची नोंद वहीत नव्हती. काका उडालेच. "नवीन! पाचवी! बिनटिकलीची! सहा पंचे तीस भागिले दोन, पंधरा!" लूनावर मला मागे बसवलं आणि चढावर दोघांनी मिळून पॅडल मारलं.

वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा होता. चौकात ऊन पडलं होतं. मोटार होती, ताडपत्री नव्हती, आणि बॉनेटवर, टपावर, मागच्या डिकीवर धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यांवर पोह्याचे पापड वाळत होते. पायरीवर बसून एक आजी काठीने कावळे हाकत होत्या.

"या," आजी म्हणाल्या. "बिल्डरकडून का?"

काकांनी ओळख दिली. आजींना त्यात विशेष काही वाटलं नाही. गाडी मुलाची. तो न्यू जर्सीला. जाण्यापूर्वी हौसेने घेतली, रंग दिला, महिनाभर फिरवली. इंजिन मेस्त्री घेऊन गेला, आठवड्यात आणतो म्हणाला. "त्याला सहा वर्षं झाली. आठवडा कुठला ते बोलला नव्हता."

"म्हणजे गाडी बंद आहे," मी म्हणालो.

"बंद कशी? वापरात आहे की! पत्र्यावर पापड घातले की गंजाचे डाग पडतात. आमच्या जाऊबाईंच्या फियाटवर घालून बघितले होते, सगळे तांबूस. हिच्यावर एक डाग नाही. आणि ऊन धरते छान. वाडा गेला की हिला कुठे ठेवायची हीच मला काळजी आहे. चौथ्या मजल्यावर कशी नेऊ?"

काकांनी वही उघडली. हात थरथरत होता. 'शनिवार पेठ. चंदेरी. इंजिन नाही. वापरात. प्रत्यक्ष पाहिले.' मग खिशातून टिकलीचं पाकीट आणि अरल्डाइटच्या दोन नळ्या काढल्या, आगपेटीवर दोन थेंब कालवले, गुडघे टेकले आणि मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्याखाली बोट फिरवलं.

बोट थांबलं. परत फिरलं. परत तिथेच थांबलं.

मी वाकून पाहिलं. चंदेरी रंगाखाली, मुगाच्या डाळीएवढा, नीट गोल असा उंचवटा होता.

आत कुठेतरी कर्वे रस्त्यावरची पिवळी होती. पाच दिसल्या, टिकलीवाल्या तीन. सहा पंचे तीस, भागिले तीन. काकांचे ओठ हलताना मला दिसले. दहा. नवी गाडी सापडल्यामुळे दोन कमी झाल्या होत्या.

आजींचं लक्ष कावळ्यांकडे होतं. माझ्याकडे काकांनी एकदा पाहिलं. मी लगेच पापडांकडे पाहायला लागलो. किती आहेत ते मोजू लागलो. मागून नखाचा खरखर आवाज आला. एकदा, दोनदा. मग किल्लीचा. मग थांबला.

"नाही निघत," काका म्हणाले. "अरल्डाइट आहे."

"ते काढू नका हो," आजी पायरीवरून ओरडल्या. "मला वाटलं, कंपनीचीच खूण आहे ती. आणि आलाच आहात तर ते डिकीवरचे पापड तेवढे पालटा."

काकांनी डिकीवरचे पापड पालटले. एकशे चौदा होते. माझ्या मोजणीत एकशे बारा.